डाव्या खुराड्यातली पुडी

वैजू, तुझ्या दहाव्याला मला ओकारी आली. लोकांना वाटलं, मैत्रीण गेली म्हणून हिला असं झालं. दोघीतिघींनी पाठ चोळली, एकीने तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. मी पाणी प्यायले आणि मान खाली घालून बसून राहिले. खरं कारण त्या घाटावर सांगायची माझी छाती झाली नाही. ते तुला सांगायला बसले आहे.

घाटाच्या तोंडाशीच तुझा फ्लेक्स लावला होता. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, ज्यात तू फोटोवाल्यावर चिडलेली दिसतेस. त्याखाली शोकाकुल म्हणून बारा-पंधरा चेहरे, निम्मे तुला नीट ओळखतही नव्हते. त्यात गॉगल लावलेले आमचे डिस्ट्रिब्युटर साहेबही होते. आळेफाट्याला माझ्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात कोंबड्यांचा सगळा माल त्यांच्याकडूनच येतो, हे तुला माहीत आहे. मेलेल्या माणसाच्या फोटोखाली आपला हसरा फोटो छापून घ्यायला माणसाला काय होत असेल, मला अजून कळलेलं नाही.

प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, मग साहेबांनी माइक हातात घेतला. म्हणाले, "मॅडमचं मन लई मोठं व्हतं. औषधाच्या पुडीनं कोंबडीच्या आतड्याला इजा होती असं त्या आधी म्हणायच्या. पण त्यांनी सोता प्रयोग केला, अन् भर मेळाव्यात कबूल केलं का पुडीनं काय बी फरक पडत न्हाई. आज मॅडम न्हाईत, पण त्यांचा तो शब्द आमी घरोघर पोचवणार." लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या पिंडाशेजारी उभं राहून तो माणूस माल विकत होता, आणि त्याला तसं बोलायची सोय मी करून दिली होती. तेव्हा मला ओकारी आली.

कारण तुझा प्रयोग खोटा होता, वैजू. तू खोटा केला नव्हतास, मी केला. डाव्या खुराड्यातल्या पिल्लांना पुडी मिळाली होती. ती माझ्या गल्ल्यावरून गेली, आणि पाण्यात कालवली तुझ्या सासूबाईंनी, आपल्या आत्यांनी. दीड वर्ष आम्ही दोघींनी ते पोटात ठेवलं आणि तू तुझा निकाल खरा मानून गेलीस.

कशी गेलीस, कोणत्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले, हे आता पिंपरी पेंढारमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मी ते पुन्हा उगाळत नाही. मला आपल्या भांडणाचं बोलायचं आहे, ते अर्धंच राहिलं.

शिनोलीच्या शाळेत असल्यापासून तू मला सोवळी म्हणायचीस. पाचवीत शाळेमागच्या ओढ्यात फुगलेला बेडूक सापडला, तो तू काडीने उलटा केलास आणि त्याच्या पोटाकडे बघत बसलीस. मी लांब लिंबाखाली नाक दाबून उभी होते. तू ओरडून म्हणालीस, "मंगे, ये, बघ तर! ह्याच्या आत अजून कायतरी चाललंय!" मी घरी पळाले आणि त्या रात्री जेवले नाही. मला शेण, शेंबूड, दुधावरची जाड साय, कशाचीही शिसारी येते. तू मात्र जीवरसायनशास्त्र शिकलीस, कॉलेजात शिकवायला लागलीस, आणि घाणीत हात घालायचा तुला पगार मिळायला लागला. मी जनावरांच्या औषधांच्या दुकानदाराच्या घरी पडले. सासऱ्यांच्या मागे गल्ल्यावर बसले तेव्हा तू पोट धरधरून हसली होतीस. "देवाला बी विनोद कळतो," म्हणालीस.

लग्नानंतर तू पिंपरी पेंढारला, मी फाट्यावर, म्हणजे जीपने थोडंसंच अंतर की. त्यामुळे मैत्री टिकली आणि माझे हालही झाले. तुझ्या फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा बघून मी हक्काने उघडला, तर आत कोंबडीची आतडी, मिठाच्या पाण्यात, गुंडाळी करून ठेवलेली. मी डबा टाकून देवघरापर्यंत गेले. आत्या चुलीपाशी बसल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "मला इचारायचं ना, बाय. दह्याचं भांडं खालच्या कप्प्यात असतं. वरचा कप्पा तिच्या आतड्यांचा." मला मटण शिजलेलं चालतं, कच्चं बघवत नाही. तू ती आतडी हातात घेऊन मला शिकवायला निघालीस. मी डोळे मिटून ऐकलं, पण ऐकलं.

तू सांगायचीस ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, बघ. अन्न पचताना आतड्यात सतत काहीतरी जळत असतं, आणि त्यातून अस्तराला इजा करणारे कण सुटतात. पावसात पत्रा गंजतो, तसं आतडं आतून गंजू शकतं. तो गंज पुसायला अस्तरात एन्झाइम असतात. त्यांची नावं तू देवांच्या नावांसारखी घ्यायचीस, कॅटलेज, डिसम्युटेज आणि ग्लुटाथायोनवालं ते तिसरं. आणि ती एन्झाइम किती जोमाने कामाला लागतील, हे आतड्यात राहणाऱ्या जंतूंवरही अवलंबून असतं. ताकात असतात तसले जंतू नांदत असले तर अस्तर जागं राहतं. जंतू मारून टाकले तर अस्तर सुस्तावतं आणि गंज चढत जातो. "आपल्या पोटात भाडेकरू असत्यात, मंगे," तू म्हणायचीस. "पण घराची डागडुजी तेच करत्यात." मी म्हणायचे, मला माझ्या पोटात कोणी नको. तू म्हणायचीस, "मग तू दोन दिवसात मरशील."

एकदा तर तू कमालच केलीस. दुकानात गिऱ्हाइकं नव्हती. जखमेवर टाकायचं हायड्रोजन पेरॉक्साइड तू माझ्याच रॅकवरून घेतलंस, आणि पर्समधून काचेची पट्टी काढलीस. त्या पट्टीवर धुऊन खरवडलेल्या आतड्याचा गुलाबी-राखाडी लगदा होता. तू दोन थेंब टाकलेस आणि त्या लगद्यावर फसफसून फेस आला. "हे बघ! हे कॅटलेज! जिवंत हाय ते!" तुझा चेहरा असा उजळला होता की, देवा शप्पथ, मला हेवा वाटला. मी तुला दुकानाबाहेर काढलं आणि काउंटर तीनदा डेटॉलने पुसला. कशाचाच इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही, हे तेव्हा तुला सांगायला हवं होतं.

आपलं भांडण मात्र पुडीवरून होतं. आपल्याकडे गावरान कोंबड्या पाळणाऱ्या घराघरात एक रीत पडली आहे. बाजारातून पिल्लं आणली की आधी पुडी आणि मग दाणा. पांढरी पावडर, प्रतिजैविकाची, पिण्याच्या पाण्यात कालवायची. पिल्लू आजारी असो नसो. माझ्या सासऱ्यांनीच फाट्यावर ती रीत रुजवली, मोठ्या पाकिटातली पावडर कागदात बांधून द्यायची. बायका पिल्लांची टोपली घेऊन दुकानावरूनच जायच्या आणि पुडी घेऊन पुढे घरी. मी तेच चालू ठेवलं. तू एक दिवस तोंडावर म्हणालीस, "मंगे, तू आजार व्हायच्या आधीच औषध इकती. पिल्लाच्या आतड्यात चांगलं काय रुजायच्या आत तू ते जाळून टाकती." गिऱ्हाइकं उभी होती, वैजू. दोन बायका घेतलेली पुडी परत ठेवून गेल्या. मी म्हणाले, "तुझ्या फ्रिजातली आतडी सांभाळ, माझं दुकान मी सांभाळीन."

मग तू प्रयोग मांडलास. घरामागे दोन खुराडी, एकाच दिवशीची पिल्लं, वीस डाव्यात आणि वीस उजव्यात. उजव्यातल्यांना रीतीप्रमाणे पुडी. डाव्यातल्यांना पुडी नाही, पाण्यात आत्यांनी घुसळलेल्या ताकाची निवळी. बाकी दाणा, पाणी, ऊब सगळं सारखं. मोठी झाली की दोन्हीकडच्यांची आतडी काढायची, अस्तर खरवडायचं आणि कॉलेजच्या यंत्रावर एन्झाइम मोजायची. पुडी तू माझ्याकडूनच नेलीस, मुद्दाम. म्हणालीस, "हरले तर तुझ्या दुकानासमोर उभी राहून सांगीन, मंगल बरोबर व्हती." मी हसले. आतून मला वाटलं, हर एकदाची.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. लिहिलं आहे, राहू दे.

तिसऱ्या आठवड्यात थंडी वाढली. पेपर तपासायला तू आठवडाभर पुण्याला गेली होतीस. डाव्यातली पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा झाली, पातळ हगायला लागली आणि दोन मेली. दुपारी आत्या जीपने फाट्यावर आल्या. पदराला हिरवट-पांढरी घाण लागलेली, पायात नुसत्या स्लिपर. म्हणाल्या, "मंगल, पोरीची पिल्लं मराया लागल्यात. समदी मेली तर गाव हसंल गं तिला. आधीच म्हनत्यात, मास्तरीण कोंबड्यांची हगवण तपासती. मला पुडी दे. तिला नको सांगू." त्यांना प्रयोग म्हणजे काय ते कळत नव्हतं. पिल्लं जगली की सून जिंकली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मला मात्र सगळं कळत होतं. पुडी पाण्यात पडली की डावं खुराडं डावं राहणार नाही, मोजायला काही उरणार नाही, हे तूच मला डोळे मिटायला लावून शिकवलं होतंस. तुला फोन करता आला असता. ज्या पुडीवरून आपण भांडलो तीच मी कागदात बांधली आणि म्हणाले, "पाच दिवस द्या. कोणाला बोलू नका." आत्यांनी मायेने घातली, वैजू. मी आकसाने दिली.

पिल्लं तरारली. तू पुण्याहून आलीस, ती टुणटुणीत बघून आत्यांना मिठी मारलीस म्हणे. "ताकानं तारली," म्हणालीस. आत्यांनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या आणि मी त्यांना चहा घ्या म्हणाले.

निकाल आला तो आलाच. दोन्हीकडची एन्झाइम सारखीच. तू पुन्हा मोजलीस, तिसऱ्यांदा मोजलीस, रजा टाकून मोजलीस. एखादीने डावं-उजवं करून कागद गुंडाळून ठेवला असता. तू तसली नव्हतीस. साहेबांच्याच शेतकरी मेळाव्यात जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझा अंदाज चुकला. माझ्या प्रयोगात फरक दिसला नाही." मी तिसऱ्या रांगेत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. हे दोन तळवे मी गेले तीन आठवडे धुते आहे. पुढच्याच महिन्यात तुझं ते वाक्य साहेबांच्या पत्रकावर आलं, पुडीच्या चित्राखाली, तुझ्या नावानिशी. ते पत्रक माझ्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेलं होतं. तू दोनदा त्यासमोर उभी राहून माझ्याशी बोललीस आणि त्याबद्दल एक चकार शब्द काढला नाहीस. ठरल्याप्रमाणे माझ्या गिऱ्हाइकांसमोर "मंगल बरोबर व्हती" एवढं मात्र म्हणालीस. आणि हसलीस. मी मेले का नाही तेव्हा?

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिंपरी पेंढारला गेले. आत्या मागच्या दारी एकट्याच बसल्या होत्या, समोर रिकामी खुराडी. मी म्हणाले, "आत्या, काल त्या माणसानं जे केलं ते मला सहन होत नाही. मला खरं सांगायचंय. पण सांगितलं तर तुमचं नाव येतंय." मला वाटलं, नको म्हणतील. खरं सांगू का, नको म्हणाव्यात असंच मला वाटत होतं, म्हणजे मला गप्प बसायला कारण मिळालं असतं. आत्यांनी समोरच्या रिकाम्या खुराड्याचं दार ओढून लावलं. मग म्हणाल्या, "माजं नाव पयलं घे. मी पान्यात कालवलं, तू न्हाई. गाव मला काय म्हनंल ते म्हनू दे, मी किती दिसाची? पण माज्या सुनेला कोन येडी म्हनाया नको." आणि उठून, गुडघ्यावर हात टेकत, त्या तुझ्या नवऱ्याला, विलासभाऊजींना, हाक मारायला गेल्या.

तुझा नवरा उभ्या उभ्या ऐकत होता. आत्यांनी सांगितलं, मग मी सांगितलं. माझ्या आकसाचंही सांगितलं, गाळलं नाही. मला वाटलं, आता हा आईवर ओरडेल, मला हाकलून देईल. तो खाली बसला. म्हणाला, "ती म्हनायची, मी आठ वरीस पोरांना चुकीचं शिकवलं. रोज म्हनायची. मी म्हनायचो, जाऊ दे, एखाद टायमाला व्हतं असं." मग कोणाकडेही न बघता तो शेताकडे निघून गेला. आत्यांशी तो अजून धड बोलत नाही. जेवायला वाढलं की जेवतो आणि उठतो. तुला हे आवडलं नसतं. तू आम्हा तिघांना एका ठिकाणी बसवून झापलं असतंस आणि मग सगळ्यांना ताक दिलं असतंस.

साहेबांना मी फोन केला. सगळं सांगितलं आणि ते पत्रक मागे घ्या म्हणाले. ते एवढं गोड बोलले की अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "वयनी, मॅडम तर गेल्या. देव त्यांना शांती देवो. आता कशाला उकरता? तुमचं बी दुकान हाय." मी म्हणाले, दुकान आहे म्हणूनच उकरते आहे. त्यांनी फोन ठेवला. मी काचेवरचं पत्रक खरवडून काढलं आणि तिथे हाताने लिहिलेला कागद लावला, की त्या प्रयोगात दोन्ही खुराड्यांना पुडी दिली गेली होती, ती मी विकली आणि मॅडमच्या सासूबाईंनी घातली, म्हणून तो निकाल कोणी धरू नये. खाली माझी सही आणि आत्यांचा अंगठा. सही येते त्यांना, पण म्हणाल्या, अंगठाच देते, सहीला मी कोन मोठी. लोक वाचतात आणि मग नुसता पुडीशिवायचा माल घेऊन जातात, किंवा समोरच्या दुकानात जाऊन पुडी घेतात. समोरचा आता माझ्या दुप्पट पुड्या बांधतो. एकाने तर विचारलं, "वयनी, मग आता एक्सपायरीतल्या पुड्या स्वस्तात देणार का?" त्याला मी काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

मग कॉलेजात तुझ्या विभागाच्या मोठ्या मॅडमकडे गेले. हे सगळं सांगितलं आणि माझी अपेक्षा होती की त्या माझ्या अंगावर येतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "वैजयंती चुकली असंही आता म्हणता येत नाही आणि बरोबर होती असंही नाही. तो प्रयोग झालाच नाही असं धरायचं." बाहेर आले तर मला हायसं वाटलं. ऐकते आहेस ना? मला हायसं वाटलं की, चला, मिटलं, कागदावर काहीच झालं नाही. कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी राहून मला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी तुझ्या श्रीखंडाच्या डब्याचीही कधी आली नव्हती. तू आठ वर्षं जे शिकवलंस ते काहीच नव्हतं असं ठरवून मी घरी चहा प्यायला निघाले होते.

मी पायऱ्या परत चढले. मॅडमना म्हणाले, पुन्हा करायचा. त्या म्हणाल्या, यंत्र आहे, रसायनं आहेत, मोजून मी देईन. पण पिल्लं कोण सांभाळणार, आणि आतडी कोण काढणार, धुणार, खरवडणार? इथे कोणाला वेळ नाही. मी म्हणाले, मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुझ्याकडून त्यांनी माझं सोवळं ऐकलं असणार, कारण त्यांना हसू आवरेना, आणि मग हसता हसता त्यांचे डोळे भरले.

पिल्लं येऊन आठवडा झाला. विलासभाऊजींनी खुराडी धुऊन चुना मारून दिला. डाव्या खुराड्याला मी कुलूप लावलं आहे आणि किल्ली माझ्याकडे असते, हे आत्यांनीच सुचवलं. "मला माजा भरवसा न्हाई," म्हणाल्या. रोज सकाळी त्या ताक घुसळून देतात आणि मी फाट्यावरून येऊन पाजते. पिल्लांची विष्ठा चपलेला चिकटते, केसात वास बसतो, आणि दुकानात आलेली बाई माझ्याकडे बघून एक पाऊल मागे सरकते. परवा एक पिल्लू डाव्यात पंख पाडून बसलं. उजव्या खुराड्यासाठी आणलेल्या पुड्या माझ्या पिशवीत होत्या. हात तिकडे गेला नाही असं मी म्हणणार नाही. मी तो हात खिशात घातला आणि पिल्लाजवळ बसून राहिले, ते संध्याकाळी मेलं. तूही अशीच बसली असतीस का, का पुडी दे म्हणाली असतीस? मला विचारायचं होतं, फोन हातात घेतला होता.

काल सरावासाठी चिकनच्या दुकानातून एक आतडं आणलं. तुझ्या वहीत जसं लिहिलं आहे तसं केलं. मिठाच्या गार पाण्याने आतून धुतलं, कात्रीने उभं उघडलं, बर्फावर पसरलं. नाकाला रुमाल बांधला होता. मग काचेच्या पट्टीने अस्तर खरवडलं आणि तो लगदा माझ्या बोटांवर आला, गार, बुळबुळीत. मला ती अजूनही जगातली सगळ्यात घाण वस्तू वाटते. तू गेलीस म्हणून मी बदलले, असं खोटं सांगणार नाही. पण मी पट्टी खाली ठेवली नाही.

या वेळी काय निघेल मला ठाऊक नाही. मॅडम म्हणतात, वीस-वीस पिल्लांवरून छातीठोक काही सांगता येत नाही, आणि दोन्हीकडची एन्झाइम सारखीच निघू शकतात. तसं झालं तर तुझं मेळाव्यातलं वाक्य मी जाऊन पुन्हा म्हणेन, तुझ्याच नावाने. पण वैजू, आता चुकलीस तर तू तुझ्या चुकीने चुकशील. माझ्या नाही.